भूतही हवं आणि खुनीही सापडायला हवा: किशोरवयीन वाचकांच्या भय-रहस्यकथा

कंदील (धागाकर्ता)

बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या भुताखेतांच्या रहस्यकथा मी आजही आवडीने वाचतो. त्यांच्याबद्दल एक तक्रार बरेच दिवस मनात आहे, ती इथे मांडतो.

कथेत भूत आहे आणि खूनही आहे. निम्म्या पुस्तकापर्यंत अंगावर काटा येतो. मग शेवट जवळ आला की दोनपैकी एक ठरलेलं घडतं. एक तर भूत स्वतःच प्रकट होतं, 'मला अमक्याने मारलं' म्हणून सांगतं, आणि इतके दिवस वही घेऊन पुरावे जमवणारी पोरं बाजूला उभी राहतात. नाहीतर भूत म्हणजे चादर पांघरलेला कोणी लबाड माणूस निघतो, म्हणजे आपण ज्याला घाबरलो ते मुळात नव्हतंच. पहिल्या प्रकारात रहस्यकथा मरते, दुसऱ्यात भयकथा.

खरं तर या दोन प्रकारांचं नातं फार जुनं आहे. १८४१ साली एडगर अॅलन पोने जी कथा लिहिली ती पहिली आधुनिक गुप्तहेरकथा मानली जाते, आणि त्याच माणसाच्या भयकथा आजही झोप उडवतात. म्हणजे दोन्ही एकाच दौतीतून आलेल्या. फारकत पुढे झाली. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला दुसराच नियम असा की अमानवी शक्तींना कथेत अजिबात थारा नाही. हे लिहिणारा माणूस कॅथलिक धर्मगुरू होता, हे मला फार बोलकं वाटतं. अदृश्यावर त्याची श्रद्धा होतीच, पण वाचकाशी खेळताना डाव सरळ हवा हाही त्याचा आग्रह होता. लेखकाच्या हातात भूत दिलं की तो कोणत्याही अडचणीतून भिंतीपलीकडे निघून जाऊ शकतो, ही त्याची भीती रास्त आहे.

तरीही बंदीची गरज नाही असं मला वाटतं. माझी अट एकच आहे: कथेत जे जे घाबरवतं, तेच पुढे पुरावा म्हणून उभं राहिलं पाहिजे. तिसऱ्या प्रकरणात ज्या गोष्टीने मुलं दचकली, तिचा अर्थ विसाव्या प्रकरणात उलगडायला हवा. नुसतं दचकवायला म्हणून काही नको. भुताने प्रश्न विचारावा, उत्तर मात्र मुलांनी कष्टाने शोधावं.

तुम्हाला काय वाटतं?

तिसरा_डोळा

धागा आवडला, पण अटीशी असहमत.

प्रत्येक भीतीचा हिशोब लागला तर ती भीती राहत नाही. 'भूत फक्त अमावास्येला येतं, फक्त आरशातून येतं, लोखंडाला घाबरतं' अशी यादी हातात आली की पोरं घाबरणं सोडून आकडेमोड करायला लागतात. चौदाव्या वर्षी मला जे भावलं होतं ते न कळलेलं होतं. पुस्तक मिटल्यावरही कोपऱ्यातली ती बाई कोण होती हे कळलं नव्हतं, म्हणून ती लक्षात राहिली.

त्सवेतान तोदोरोव्ह नावाच्या समीक्षकाने १९७० साली या साहित्यप्रकारावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वाचक जोवर 'हे खरंच अलौकिक आहे की याला साधं कारण आहे' अशा दोलायमान अवस्थेत असतो, तोवरच ही जादू टिकते. कोणत्याही एका बाजूला निकाल लागला की कथा दुसऱ्या जातीची होते. किशोरांच्या कथेत ही दोलायमान अवस्था शेवटच्या पानापर्यंत का नेऊ नये? त्यांना झेपत नाही असं आपणच ठरवून बसलोय.

दोन खरी उदाहरणं देतो. १९२१ साली विल्यम विल्मर या डॉक्टरने नेत्ररोगाच्या एका अमेरिकन नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली. नव्या घरात राहायला गेल्यापासून त्यांना पावलं ऐकू यायची, कोणीतरी पाळतीवर आहे असं वाटायचं, माणसं दिसायची. कारण निघालं घर तापवणारी नादुरुस्त भट्टी. तिचा कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता.

दुसरं, १९९८ चा विक टँडीचा लेख. हा इंग्लंडमधला अभियंता. प्रयोगशाळेत एकटा काम करत असताना डोळ्याच्या कडेला त्याला एक करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी शिकंज्यात धरलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. मूळ होतं एका पंख्यात. त्याच्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा ध्वनी घुमत होता. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २०, म्हणजे आवाज ऐकू येत नाही पण अंगाला जाणवतो, असं त्याचं म्हणणं. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, आणि मला तर तेच आवडतं. कथेत असा पंखा ठेवावा, तो बंद करावा, आणि तरीही आकृती एकदा दिसावी.

नाडीपरीक्षा

वरच्या कार्बन मोनॉक्साइडबद्दल थोडी भर, कारण रहस्यकथेला हा खजिना आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, कधी भास. घराबाहेर पडलं की बरं वाटतं, परत आलं की पुन्हा सुरू. म्हणजे 'या घरात पाऊल टाकलं की जीव घाबरा होतो' हे वाक्य एकाच वेळी भयकथेचंही आहे आणि रोग्याच्या इतिहासाचंही. शिवाय या विषबाधेने दगावलेल्या माणसाची त्वचा पुष्कळदा लालबुंद दिसते, एखादा झोपलेला निरोगी माणूस वाटावा अशी. बघणाऱ्याला 'प्रेताचे गाल गुलाबी होते' यातच भूत दिसणार. कंदील म्हणतात तसा दोनदा कामाला येणारा तपशील आहे हा.

फक्त एक विनंती सगळ्या लिहिणाऱ्यांना. विषाचा परिणाम खुशाल लिहा, लक्षणं अचूक लिहा. किती, कुठून मिळवलं, कसं मिसळलं हे नको. किशोर वाचकाला त्याची गरज नसते आणि कथेचंही त्यावाचून काही अडत नाही.

शाईचा_डाग

नमस्कार. मी पंधरा वर्षांची आहे, इथे पहिल्यांदाच लिहितेय. धागा वाचला आणि राहवलं नाही, कारण मी अशीच एक कथा लिहितेय आणि मधेच अडकलेय.

निवासी शाळा आहे. तिथले ग्रंथपाल सर गेल्या वर्षी मुख्य जिन्याच्या पायथ्याशी मेलेले सापडले. जिन्यावरून पडले असं सगळ्यांनी मानलं. या वर्षी नवीन आलेली मुलगी, इरा, रोज रात्री जिना चढणारी पावलं ऐकते. मग एक टकटक, मग कोणीतरी हसतं, मग काहीच नाही. रोज तेच, त्याच क्रमाने. तिला कळतं की सर मेले त्या रात्रीची शेवटची काही मिनिटंच पुन्हा पुन्हा घडताहेत.

मला सरांचं भूत बोलायला नकोय. पण ते बोललं नाही तर इराला कळणार कसं की खून झाला? सध्या मी तिला एक डायरी सापडते असं केलंय, पण ते मलाच आवडत नाहीये.

कंदील

शाईचा_डाग, आधी स्वागत! आणि डायरी नको हे तुझं तुलाच वाटलं, ते बरोबर वाटलं. सापडलेली डायरी म्हणजे कागदावर बोलणारं भूतच की.

पण तुझ्याकडे उत्तर आधीच आहे, तू ते अजून उचललेलं नाहीस. इरा पावलं रोज ऐकते ना? मग ती मोजेल. घाबरलेलं माणूस मोजतंच, मोजल्याने जीव थाऱ्यावर राहतो. समज, ती सतरा पावलं मोजते. रोज सतरा. आणि एके दिवशी सकाळी, सगळ्यांच्या गर्दीत नाश्त्याला उतरताना तिच्या लक्षात येतं की मुख्य जिन्याला पायऱ्या चौदाच आहेत.

मग सतरा पायऱ्यांचा जिना कुठे आहे?

बघ, भुताने एक शब्द उच्चारलेला नाही. पावलं जी नुसती घाबरवत होती तीच आता सांगताहेत की सर त्या जिन्यावर मेलेच नाहीत. आणि ते हसणं. ते आधी भेसूर वाटतं, कारण मेलेलं माणूस हसतंय. पण टकटक करून आत गेल्यावर माणूस हसतं कोणाकडे बघून? ओळखीच्याकडे. संशयितांची यादी निम्मी झाली.

शाईचा_डाग

काका!!! मागचा जिना! माझ्या कथेत मागे एक लोखंडी जिना आहेच, तो सर गेल्यापासून कुलूपबंद आहे. मी तो फक्त भीतीदायक वाटावा म्हणून टाकला होता.

घुबड

वा, जमून आलंय. एक शंका. आजची मुलगी पावलं ऐकली की पहिल्यांदा मोबाइल काढेल. 'चार्जिंग संपलं', 'रेंज नाही' हे आता खरंच नको, दर कथेत तेच वाचून कंटाळा आलाय.

तिसरा_डोळा

घुबड, चांगली शंका. तिला रेकॉर्ड करू द्यावं. अख्खी रात्र. सकाळी ऐकलं तर तिचा स्वतःचा श्वास आहे, आणि मधे एका ठिकाणी तिचाच आवाज हळूहळू मोजतोय: एक, दोन, तीन... सतरा. पावलं नाहीतच.

आता वाचक पेचात. भूत आहे की इराच्या डोक्यात आहे? ठरवू नका. कंदीलना पुरावा हवा, मला संदिग्धता हवी; इथे दोन्ही मिळतात. तिच्याकडे लोकांना दाखवायला काही उरत नाही, म्हणून तिला हाताला लागेल असा पुरावा शोधावाच लागतो.

नाडीपरीक्षा

तो पुरावा मी देतो. प्रेत हलवलं होतं हे शरीर स्वतः सांगतं.

हृदय थांबलं की रक्त वाहायचं थांबतं आणि वजनाने खालच्या बाजूला उतरतं. जी बाजू जमिनीकडे असेल तिथे जांभळट डाग उमटतात. आम्ही याला लिव्हिडिटी म्हणतो. एक-दोन तासांत ते दिसू लागतात आणि साधारण ८ ते १२ तासांत पक्के होतात. हवामान आणि शरीराप्रमाणे पुढे-मागे. पक्के झाल्यावर देह उलटा केला तरी डाग जागा सोडत नाहीत. म्हणजे पहाटे उताणा सापडलेल्या माणसाच्या छातीवर आणि चेहऱ्यावर डाग असतील, तर तो रात्रभर पालथा होता आणि नंतर कोणीतरी त्याला उचलून तिथे आणून ठेवलं.

आता यातली खास गोष्ट. जिथे अंग कठीण वस्तूवर दाबलं जातं तिथल्या रक्तवाहिन्या दबतात, रक्त शिरत नाही, तो भाग फिकट राहतो. दाबणाऱ्या वस्तूचा ठसाच उमटतो. मागच्या लोखंडी जिन्यावर जाळीचा चौथरा आहे असं समजा. सर तिथे पालथे पडून होते. चेहरा जांभळा आणि त्यावर फिकट आडवे पट्टे.

दुसऱ्या प्रकरणात रखवालदार इराला सांगतो, 'पोरी, मी बघितलंय सरांचं तोंड. काळंनिळं, आणि वर पट्टे ओढल्यासारखे. माणसाचं तोंड नव्हतं ते.' वाचकाला तिथे नुसती शिसारी येईल. पुढे इरा कुलूप उघडून त्या जाळीपाशी उभी राहील तेव्हा पट्ट्यांमधलं अंतर तिला दिसेल.

अजून एक: देहाचा ताठरपणा पापण्या, जबडा अशा लहान स्नायूंत आधी जाणवतो आणि सुमारे १२ तासांत सर्वांगभर होतो. पहाटे सापडलेल्या सरांचा हात अधांतरी वर राहिलेला असेल, कशाचाही आधार नसताना, तर तो हात रात्री कशाला तरी टेकलेला होता. हेही वापरता येईल, पण दोन्ही एकत्र घालू नकोस, गर्दी होईल. पट्टे जास्त चांगले.

पानगळ

मी शाळेच्या वाचनालयात काम करते, त्यामुळे ही पुस्तकं मुलांच्या हातात रोज बघते. वरचं सगळं वाचून मीही मागच्या जिन्यापर्यंत पोचले होते! पण एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही.

सर कोण होते?

किशोरांच्या रहस्यकथांत मेलेलं माणूस पुष्कळदा नुसतं एक कोडं असतं. प्रेत सापडलं, खेळ सुरू. मोठ्यांच्या कथांत हे चालून जातं. या वयाच्या वाचकाला मात्र मृत्यू नुकताच कळायला लागलेला असतो. कोणाची आजी गेलेली असते, कोणाचा मित्र. त्यांच्यासाठी भुताची गोष्ट म्हणजे 'गेलेलं माणूस खरंच पूर्ण जातं का' हा प्रश्न असतो. माझ्याकडे भुतांची पुस्तकं सगळ्यात जास्त नेणारी मुलं ही सगळ्यात भित्री किंवा सगळ्यात धीट नसतात. घरात काहीतरी घडलेलं असतं आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नसतं, अशी मुलं त्यात खूप असतात. पानांवरच्या भीतीचा शेवट त्यांच्या हातात असतो, पुस्तक कधीही मिटता येतं. म्हणून मी अशी पुस्तकं कपाटात मागे ठेवायला कायम नकार देते.

तर शाईचा_डाग, सरांना एखादी सवय दे. ते पुस्तक परत घेताना मुलांना काहीतरी विचारायचे का? शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांवर रागवायचे का? इराने त्यांना पाहिलेलं नाही, तिला ते पुस्तकांच्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणांतून भेटू देत. वाचकाला ते जिवंत असायला हवे होते असं वाटलं, तरच खुनी सापडण्याला अर्थ आहे.

आडवाट

पानगळताईंशी शंभर टक्के सहमत, आणि त्याला लागूनच एक गंभीर मुद्दा.

या प्रकारच्या कथांत एक साचा फार दिसतो. छळ झालेली मुलगी आत्महत्या करते आणि भूत होऊन एकेकाचा सूड घेते. मला तो साचा या वयाच्या वाचकांसाठी धोकादायक वाटतो. जिवंतपणी तिचं कोणी ऐकत नव्हतं, मेल्यावर सगळे ऐकतात, घाबरतात, माफी मागतात. म्हणजे मरण्याने ताकद मिळाली. एखाद्या एकट्या पडलेल्या मुलाला ही कल्पना नेमकी नको त्या क्षणी गोड वाटू शकते. आत्महत्येच्या पद्धतीचं वर्णन करू नये, तिला प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांना सांगितलेलंच आहे. कथालेखकांनाही ते लागू व्हावं.

विषय टाळा असं मी म्हणत नाही. पण मग तिच्या मागे राहिलेल्यांचं रिकामपण दाखवा, जिवंत असताना हात पुढे करणारं कोणीतरी दाखवा, आणि सूड हे तिचं बक्षीस करू नका. शाईचा_डाग, तुझ्या कथेत सर सूड घेत नाहीत. ते नुसते जिना चढतात. मला तो संयम फार मोलाचा वाटतो.

शाईचा_डाग

सगळ्यांचे खूप खूप आभार. मी काल रात्री दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात पुन्हा लिहिली. टाकू का इथे? टाकतेच.

'पहिल्या रात्री इराला वाटलं कोणीतरी पाणी प्यायला उठलंय. दुसऱ्या रात्री तिने कूस बदलली आणि कान उशीत दाबला. तिसऱ्या रात्री ती मोजायला लागली, कारण मोजताना दुसरा विचार करता येत नाही. सहाव्या पायरीवर पाऊल जरा रेंगाळायचं, जड काहीतरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्यासारखं. अकराव्यावर पुन्हा. चौथ्या रात्री सहावं पाऊल यायच्या आधीच तिचा स्वतःचा हात पांघरुणाखाली हलला.'

आता दोन प्रश्न. सर ही मिनिटं पुन्हा पुन्हा का जगताहेत, याचं कारण द्यायचं का? आणि चौदा पायऱ्या वाचकाला कुठे सांगायच्या?

तिसरा_डोळा

शेवटचं वाक्य वाचून मी थांबलो. आकृती नाही, रक्त नाही, किंचाळी नाही, आणि तरी भूत तिच्या हातापर्यंत पोचलं. जसंच्या तसं ठेव.

कारण देऊ नकोस. नॉक्सचे नियम खुनाला लावावेत, भुताला लावू नयेत. कोणी मारलं, कुठे मारलं, कसं हलवलं याचा धागान् धागा लागला पाहिजे. सर का येतात ते इरालाही कळू नये. खुनी पकडल्यावर पावलं थांबली असंही लिहू नकोस. सगळं मिटवून टाकणारा निरोप सगळ्याच कथांत असतो.

कंदील

पहिल्यावर तिसरा_डोळा यांच्याशी सहमत. माझी अट मी पुराव्यापुरती ठेवतो. पावलं पुराव्याचं काम करताहेत, तेवढं मला पुरे. पण थांबण्याच्या बाबतीत मतभेद. पानगळ म्हणतात तसा वाचक डोळ्यासमोर आणला तर कुठेतरी काहीतरी सुटल्याचं त्याला जाणवायला हवं. पावलं थांबवायची नसतील तर निदान सतराव्या पायरीपुढे ती जाऊ देत. टकटक नको, हसणं नको, आणखी एक पाऊल ऐकू येऊ दे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. चौदा हा आकडा वाचकाला सतराच्या आधी दिसला पाहिजे, आणि अशा जागी की तो आकडा आहे हे जाणवूच नये. समज, पहिल्या प्रकरणात इरा ट्रंक घेऊन येते. कोणी मदतीला नाही. चौदा पायऱ्या ट्रंक ओढत नेताना ती प्रत्येक पायरीवर एकेकाला मनातल्या मनात शिव्या देते: बाबांना, नव्या शाळेला, ट्रंकेच्या कडीला. चौदा पायऱ्या, चौदा तक्रारी. वाचक तक्रारी वाचतो, पायऱ्या मोजत नाही. पुढे हुशार वाचक मागे जाऊन मोजेल आणि त्याला चौदाच सापडतील. सगळं त्याच्या डोळ्यांदेखत ठेवलेलं होतं, एवढं त्याला पटलं की बास.

पानगळ

आणि सहाव्या पायरीला त्या हातातून या हातात गेलं ते काय होतं, हे तू ठरवलंयस का? पुस्तकं असतील तर कोणाकडे घेऊन चालले होते तेही येऊ दे. नोंदवहीत त्या दिवशीची नोंद असेल. वाचनालयात माणूस खोटं बोलेल, नोंदवही सहसा बोलत नाही.

शाईचा_डाग

ताई, ठरवलं नव्हतं, आत्ता ठरलं! तीन जाड पुस्तकं, तिन्ही एकाच माणसाच्या नावावर, आणि परतीची तारीख दुसऱ्या शाईत. तक्रारी तेराच सुचल्यात, चौदावी शोधतेय. तिसरं प्रकरण झालं की याच धाग्यावर टाकते.

घुबड

चौदावी: ज्याने लिफ्ट बसवली नाही त्याला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.